फुप्फुस-संसर्गाचा उंदरांवरचा प्रयोग: नीती समितीत अर्ज कुठे अडकतो

उंदराच्या फुप्फुसात जिवाणू सोडून त्याची रोगकारक शक्ती मोजायची असेल, तर आधी प्राणी नीती समितीची लेखी मंजुरी लागते. ती मागच्या तारखेने मिळत नाही. ‘पायलट’ म्हणून गुपचूप उरकलेल्या प्रयोगाचे आकडे अर्जाला जोडणारे अजून भेटतात. तो कबुलीजबाबच असतो, हे त्यांना फेटाळणीचं पत्र आल्यावर कळतं.

अर्जात नाव असलेल्या प्रत्येकाचं प्राणी हाताळणीचं प्रशिक्षण झालेलं हवं. जैवसुरक्षा समितीची परवानगी वेगळी. न्यूमोकॉकस, क्लेब्सिएला, स्यूडोमोनास हे जिवाणू सहसा जैवसुरक्षेच्या दुसऱ्या पातळीवर चालतात, क्षयाचा जिवाणू तिसऱ्या. दोन्ही अर्ज एकदमच टाका.

सर्वाधिक अर्ज परत येतात ते ‘प्रयोग कधी थांबवणार’ या रकान्यामुळे. तिथे ‘मृत्यू’ लिहिलंत तर पुढचं कुणी वाचणार नाही. म्हणून लोक जुन्या अर्जातून ‘वजनात २० टक्के घट’ उचलतात आणि पुन्हा अडकतात. तीव्र न्यूमोनियात उंदीर एक-दोन दिवसांतच जाऊ शकतो, तोवर वजन तेवढं उतरलेलंही नसतं. शिवाय गंभीर संसर्गात उंदराला ताप चढत नाही, तो गार पडतो. म्हणून तापमान, श्वास, विस्कटलेली लव, पाठीचं कुबड, हालचाल यांना गुण द्या आणि किती गुणांना वेदनारहित मृत्यू देणार ते लिहा. रात्री दोन वाजता पाहायला कोण जाणार, त्याचंही नाव लिहा. ‘नियमित देखरेख’ या शब्दांवर समितीचा विश्वास उरलेला नाही, आणि ते योग्यच आहे.

वेदनाशामक देणार नसाल तर कारण हवं. ‘प्रतिकारशक्तीवर परिणाम होतो’ एवढं पुरत नाही. कोणतं औषध, कोणता परिणाम, दुसरं का चालत नाही, ते सांगा.

कुणाकडेच नसलेला कागद म्हणजे उंदरांना पर्याय शोधल्याची नोंद: कोणत्या तारखेला, कुठे, कोणते शब्द टाकून शोधलं. मेणकिड्याच्या अळीत म्युटंट (जनुकात बदल झालेले जिवाणू) आधी पारखता येतात, पण तिला फुप्फुस नसतं. असं एक नेमकं वाक्य पानभर गोलमोल मजकुरापेक्षा जास्त काम करतं.

उंदरांची संख्या गणित करून काढा. ‘प्रत्येक गटात सहा, कारण सगळे सहाच घेतात’ हे मी खरोखर वाचलं आहे.

मंजुरीनंतर जिवाणूचा प्रकार, मात्रा किंवा नाकाऐवजी श्वासनलिकेचा मार्ग, यांतलं काहीही बदललं तर आधी दुरुस्तीचा अर्ज करा.