पूर्णांकयुक्त अपूर्णांक

पूर्णांक आणि त्याला जोडलेला एकाहून लहान अपूर्णांक मिळून होणारी संख्या. ‘२ ३/४’ हे शाळेत ‘दोन पूर्णांक तीन छेद चार’ असे वाचतात; बाजारात तेच पावणेतीन. पूर्णांकाला छेदाने गुणून त्यात अंश मिळवला की ११/४ हा अंशाधिक अपूर्णांक मिळतो.

दोन्ही वाचनांत हिशेब मात्र वेगळा आहे. पुस्तक दोनात पाऊण मिळवते. ‘पावणेतीन’ हा शब्द तिनातून पाव काढतो. सव्वा (सपाद) आणि साडे (सार्ध) मिळवणारे, पाऊण (पादोन) वजा करणारा. दीड आणि अडीच यांची नावे स्वतंत्र, म्हणून ‘साडे’ची सुरुवात तिनापासून होते. साडेतिनाला ‘औट’ असेही जुने नाव आहे.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) या दोन रीतींना भागानुबंध आणि भागापवाह म्हटले आहे. उदाहरणही तेच: पावासह दोन आणि पाव कमी तीन यांचे एकेक अपूर्णांक करून सांग. उत्तरे ९/४ आणि ११/४, म्हणजे आपले सव्वादोन आणि पावणेतीन. तेव्हा अंश छेदावर लिहीत, पण मधे रेघ नसे. पूर्णांक त्यांच्याही वर मांडत.

जुन्या मराठी हिशेबात आकड्यापुढे उभ्या रेघा येत: १। सव्वा, १॥ दीड, १॥। पावणेदोन. पाढेही त्याच तोडीचे होते: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. घोकंपट्टी म्हणून त्यांना नावे ठेवली गेली, तरी अडीचकी पाठ असलेला २ १/२ × २ १/२ चे उत्तर ४ १/४ देणार नाही. पूर्णांकाला पूर्णांकाने आणि अपूर्णांकाला अपूर्णांकाने गुणून मोकळे होण्याची ही चूक वर्गात हमखास दिसते. अडीच अडीच सव्वासहा.

वजाबाकीतली चूक अधिक चिवट. ३ १/४ − १ ३/४ करताना पावातून पाऊण जात नाही, म्हणून मुले उलटी वजाबाकी करून २ १/२ लिहितात. हातचा घेतला, तरी सवयीने तो दहाचा घेतात. इथे एक म्हणजे चार चतुर्थांश. तिनातला एक सुटा केला की २ ५/४ − १ ३/४ = १ २/४, म्हणजे दीड. सुटे पैसे मोजावे तसेही जमते: पावणेदोनाचे दोन व्हायला पाव, तिथून सव्वातिनापर्यंत सव्वा, पाव आणि सव्वा, दीड.

ही बोली पाव-अर्ध्यापुरतीच. २ ३/५ किंवा १ २/३ ला असे सुटसुटीत नाव नाही. २ ३/५ + १ २/३ करायचे तर ५ आणि ३ यांचा लसावि १५ काढून समच्छेद करावे लागतात: २ ९/१५ + १ १०/१५ = ३ १९/१५, म्हणजे ४ ४/१५.