सब-ग्रँटची बंद झालेली वाट

एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरचा कायदा, मूळचा 1976चा, आणीबाणीतला. तेव्हा सरकारचा रोख राजकारणात येणाऱ्या परदेशी पैशावर होता. विकासाचं काम करणाऱ्या संस्थांना नोंदणीची सक्ती झाली ती 1984च्या दुरुस्तीने. 2010च्या कायद्याने दर 5 वर्षांनी नूतनीकरण आणलं.

मधल्या काळात सरकारचं धोरण वेगळंही होतं, हे आज विसरलं जातं. 2003मध्ये भारताने बऱ्याच लहान देणगीदार देशांची थेट सरकारी मदत थांबवली आणि स्वयंसेवी संस्थांमार्फत पैसे द्या, असं त्यांना सुचवलं.

खरा वाद 2020च्या दुरुस्तीचा. विधेयक 20 सप्टेंबरला लोकसभेत मांडलं, 23 तारखेपर्यंत दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं, 29 तारखेला ते लागू झालं. प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 वर आली, त्यावर बरीच चर्चा झाली. पण खोलवर लागलं ते कलम 7, कारण त्याने परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देणंच बंद केलं. तोपर्यंत एका नोंदणीकृत संस्थेला परदेशी निधीतला वाटा दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला देता येई. यालाच कार्यकर्ते सब-ग्रँट म्हणतात. परदेशी देणगीदाराला मोजक्याच संस्थांशी व्यवहार सोयीचा असतो. इंग्रजी अहवाल, ऑडिट, भेटीगाठी हे सगळं मुंबई-पुण्याची संस्था सांभाळे. मराठवाड्यातल्या दहा कार्यकर्त्यांच्या संस्थेपर्यंत पैसा याच वाटेने जाई.

पैसा अनेक हातांतून फिरला की त्याचा माग लागत नाही, हा सरकारी युक्तिवाद. तो पूर्ण निराधार नाही. पण घेणारी संस्थाही सहसा नोंदणीकृतच असे आणि तिलाही वार्षिक हिशेब द्यावा लागे. गैरव्यवहार करणाऱ्यावर कारवाई करायला तेवढी कागदपत्रं हाताशी होती. सरसकट बंदी घातल्याने कायद्यातल्या 'हस्तांतरण' या शब्दाचाच गुंता झाला. बचत गटाकडून पिशव्या विकत घेतल्या तर ती खरेदी. पण त्याच गावातल्या संस्थेला प्रशिक्षण द्यायला पैसे दिले, तर ती सेवा की सब-ग्रँट? नूतनीकरण अडकण्याच्या धास्तीने हिशेबनीस असे खर्च टाळायलाच सांगतात.

8 एप्रिल 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. परदेशी देणगी मिळणं हा निरपवाद हक्क नाही, असा निकाल दिला. आता गावातल्या संस्थेला स्वतःची नोंदणी, दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं आणि थेट परदेशातला देणगीदार, तिन्ही स्वतःच मिळवावं लागतं.