लिपी आणि उच्चार (कोकण किनारपट्टी)

लिपी आणि उच्चार : बोललेले शब्द दृश्य खुणांनी नोंदवण्याच्या पद्धतीला लिपी म्हणतात. मराठीत ‘वर्णमाला’ आणि ‘लिपी’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्याने घोटाळा होतो. वर्णमाला ही भाषेतील ध्वनींची मांडणी असते, लिपी ही त्या ध्वनींसाठी ठरवलेल्या चिन्हांची. एकच भाषा अनेक लिपींत लिहिता येते आणि एका लिपीत अनेक भाषा मावतात. कोकण किनाऱ्यावर या दोन्ही गोष्टी घडल्या असल्याने लिपीच्या अभ्यासाला हा प्रदेश विशेष सोयीचा आहे. पालघरपासून गोव्यापर्यंतच्या पट्ट्यात ब्राह्मी, पहलवी (जुनी इराणी), नागरी, मोडी, गोयकानडी, अरबी-फारसी, हिब्रू आणि रोमन या लिपींच्या खुणा सापडतात.

‘लिपी’ हा शब्द पाणिनीच्या अष्टाध्यायीत (३.२.२१) ‘लिपि’ आणि ‘लिबि’ अशा दोन रूपांत येतो. अशोकाच्या वायव्येकडील लेखांत तोच शब्द ‘दिपि’ असा असून जुन्या फारसीतील ‘दिपि’शी त्याचा संबंध जोडला जातो. संस्कृतातील ‘लिप्’ (माखणे, सारवणे) या धातूपासूनची व्युत्पत्ती मनाला पटते, पण ती मागाहून लावलेली असण्याचा संभव अधिक.

प्रकार : एका चिन्हाने भाषेचा केवढा तुकडा दाखवायचा, यावरून लिपींचे वर्ग पडतात. व्यंजनलिपीत (फिनिशियन, हिब्रू, अरबी) प्रामुख्याने व्यंजने लिहितात, ऱ्हस्व स्वर वाचकाने संदर्भावरून भरायचे असतात. वर्णलिपीत (ग्रीक, रोमन) स्वरांना व्यंजनांइतकीच स्वतंत्र अक्षरे असतात. इ.स.पू. आठव्या शतकाच्या सुमारास ग्रीकांनी फिनिशियन लिपी घेतली आणि आपल्या भाषेत ज्यांचा उच्चारच नव्हता अशा काही व्यंजनांची चिन्हे स्वरांसाठी वापरली. ‘अल्फाबेट’ हा शब्द त्या लिपीच्या पहिल्या दोन अक्षरांवरून आला. ती नावे मुळात सेमिटिक असून ‘आलेफ’ म्हणजे बैल आणि ‘बेथ’ म्हणजे घर.

देवनागरी या दोन्ही वर्गांत बसत नाही. तिच्यात व्यंजनाच्या चिन्हातच ‘अ’ गृहीत असतो आणि दुसरा स्वर हवा असल्यास काना, मात्रा, वेलांटी जोडतात. अशा लिपीला अक्षरलिपी म्हणावे. पीटर डॅनियल्स यांनी १९९० मध्ये सुचवलेली ‘अबुगिडा’ ही इथिओपियन संज्ञाही रूढ आहे. ‘घर’ या शब्दात देवनागरीत दोन अक्षरे आहेत. गोव्यातील रोमन कोंकणीत तोच शब्द जी, एच, ओ, आर अशा चार अक्षरांनी लिहितात. घ साठी दोन चिन्हे लागली आणि देवनागरीने न लिहिलेला अ तेथे ‘ओ’ होऊन कागदावर उतरला, कारण गोव्याच्या तोंडी तो अ गोलसर आहे. शेवटच्या र मधील अ मात्र रोमनमध्ये नाही. तो बोलण्यातही नाही. देवनागरी वाचणारा तो न सांगता गाळतो, ‘फणसपोळी’ डोळ्यांनी वाचून तोंडाने ‘फणस्पोळी’ म्हणतो. म्हणजे जसे बोलतो तसेच लिहितो ही मराठी माणसाची समजूत निम्मीच खरी आहे.

उलट बाजूची उदाहरणेही आहेत. ‘दर्या’ (समुद्र) आणि ‘दऱ्या’ (दरीचे अनेकवचन) यांतील फरक रफार आणि चंद्रकोरीसारखा र अशा दोन चिन्हांनी मराठीने नेमका टिपला आहे. पहिल्यात ‘दर्’वर आघात येतो, दुसऱ्यात येत नाही. याउलट च, ज, झ यांचे तालव्य आणि दंतमूलीय असे दोन उच्चार मराठीत असूनही चिन्ह एकच आहे. ‘जरा थांब’ मधला जरा आणि म्हातारपण या अर्थाची जरा सारखीच लिहितात. रोमन कोंकणीने येथे बाजी मारली आहे. ‘जेजू’ (येशू) या शब्दात पहिल्या ज साठी ‘जे’ आणि दुसऱ्यासाठी ‘झेड’ वापरतात, देवनागरीत दोन्ही ज एकाच ठशाचे. कोंकणीतील विवृत (तोंड अधिक उघडून उच्चारलेले) आणि संवृत (कमी उघडून उच्चारलेले) ए, ओ यांचा भेदही देवनागरीत नेहमीच्या लेखनात दाखवला जात नाही.

प्राचीन लेख : कोकणातील सर्वांत जुना निश्चित लेख सोपारा (आजचे नालासोपारा) येथील अशोकाचा. आठव्या शिलाशासनाचा तुकडा भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये मिळाला, नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावी सापडला. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, काळ इ.स.पू. तिसरे शतक. ब्राह्मीचा उगम हा जुना वाद आहे. जर्मन अभ्यासक ब्यूलर यांनी तो सेमिटिक लिपींत शोधला, इतरांनी ती येथेच घडली असे मानले. काही चिन्हांचे साम्य नाकारता येत नाही, परंतु स्वर जोडण्याची पद्धत आणि वर्णांची स्थानानुसार मांडणी येथील ध्वनिशास्त्राच्या ओळखीशिवाय संभवत नाही, म्हणून चिन्हे उसनी आणि व्यवस्था घरची हा मध्यममार्ग अधिक ग्राह्य वाटतो. कुडे (तळा तालुका) आणि गांधारपाले (महाड) येथील लेण्यांतील दानलेखही ब्राह्मीत आहेत.

अक्षी येथील शिलालेख : अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना लागणाऱ्या अक्षी गावचा हा लेख मराठीच्या आद्य लेखांत मोजला जातो. शं. गो. तुळपुळे यांनी त्यातील शक ९३४ (इ.स. १०१२) असा वाचला. हे वाचन स्वीकारल्यास तो श्रवणबेळगोळच्या ‘श्रीचावुंडराजें करवियलें’ या लेखाच्या स्पर्धेत उभा राहतो, कारण श्रवणबेळगोळचा लेख ९८३ चा की बाराव्या शतकाच्या पहिल्या चरणातला, याविषयीही एकमत नाही.

अक्षीच्या लेखात ‘पसीमसमुद्राधीपती’, ‘स्री कोंकणा चक्रीवर्ती’ असा ‘केसीदेवराय’ याचा उल्लेख आहे. हा उत्तर कोकणचा शिलाहार राजा हे उघड आहे, पण या वंशात केशिदेव दोन झाले. पहिला म्हणजे अरिकेसरी, ज्याचा ठाण्याचा ताम्रपट शके ९३९ (१०१७) चा आहे. दुसरा तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. काही अभ्यासक लेख दुसऱ्या केशिदेवाकडे, म्हणजे सुमारे दोन शतके अलीकडे ओढतात. अरिकेसरी १०१२ मध्ये गादीवर होता असे अन्य साधनांवरून दाखवता येत नाही, ही त्यांची बळकट बाजू. परंतु लेखात संवत्सराचे नाव ‘प्रधावी’ असे दिले आहे. दक्षिणेकडील रीतीप्रमाणे शकाच्या आकड्यात १२ मिळवून ६० ने भागले की बाकी संवत्सराचा क्रमांक देते. ९३४ अधिक १२ म्हणजे ९४६, बाकी ४६, आणि शेहेचाळिसावे संवत्सर परिधावी. प्रधावी हे परिधावीचेच बोलीतले रूप धरले तर आकडा आणि नाव एकमेकांना पुष्टी देतात. युवराज असतानाही अरिकेसरीला बिरुदे लावली गेली असतील असे मानून तुळपुळ्यांचे वाचन ठेवणे तूर्त सोयीचे. महालक्ष्मीच्या बोडणासाठी (देवीच्या पूजेतला एक विधी) नऊ कवळी धान्य नेमून दिल्याचा हा लेख आहे असा अर्थ लावला जातो. बोडण कोकणात आजही भरतात.

लिपीच्या दृष्टीने या लेखातील शुद्धलेखन तारखेइतकेच मोलाचे आहे. ‘सुष’ म्हणजे सुख आणि ‘महालषुमी’ म्हणजे महालक्ष्मी. ष हे चिन्ह येथे ख साठी आले आहे, ही जुन्या हस्तलिखितांतही आढळणारी रीत. ‘पश्चिम’चे ‘पसीम’, ‘श्री’चे ‘स्री’ झाले. कोरणाऱ्याने संस्कृत शब्द कानाने ऐकले तसे खोदले, की त्याच्यासमोरचा मसुदाच तसा होता, यावर मते वेगळी असली तरी श आणि स यांतील भेद त्याच्या तोंडी पक्का नव्हता हे मानायला हरकत नाही. दगड खडबडीत आहे. दुपारी उन्हात तो जवळजवळ कोरा दिसतो, सकाळी किंवा मावळतीला तिरपा उजेड पडला की ओळी उठतात. असे लेख वाचण्यासाठी अक्षरांत खडू भरण्याची सवय मात्र सोडावी. भरणारा आपल्याला हवे तेच अक्षर भरतो, आणि पुढचा त्याचेच छायाचित्र घेतो.

रायतूरचा छापखाना : भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला, पण तो रोमन ठशांचा. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील साष्टी तालुक्यात रायतूर (राशोल) येथे छापले गेले. भाषा मराठी, लिपी रोमन. यामागे धर्माधिकाऱ्यांचे धोरण होते असे म्हटले जाते, आणि ते काही अंशी खरेही असेल, पण खरी अडचण ठशांची होती. स्टीफन्स यांच्या १६०८ च्या पत्रात ती स्पष्ट आहे : रोमनला चोवीस अक्षरे पुरतात, येथील लिपीला अक्षरागणिक ठसा करायचा तर सहाशे साचे लागतात. अक्षरलिपी आणि वर्णलिपी यांतला फरक यापेक्षा नेमका कोणी मोजून दाखवलेला नाही. क, का, कि, की, कु, कू असे करत गेले आणि त्यात जोडाक्षरे धरली की हा आकडा मुळीच फुगवलेला वाटत नाही. याच पुराणाची देवनागरीतील एक हस्तलिखित प्रत लंडनमध्ये आहे, तीत ओव्या डोळ्यांना एकदम ओळखीच्या वाटतात.

पोर्तुगीज वळणाच्या या रोमन लेखनात श साठी ‘एक्स’, मूर्धन्य ण आणि ळ साठी ‘एन’ आणि ‘एल’ दोनदा, तर शब्दान्तीच्या अनुनासिकासाठी ‘एम’ वापरतात. ‘पणजी’ला जुन्या कागदांत शेवटी ‘एम’ लागलेला दिसतो तो यामुळे. इंग्रजी वळणाने वाचणारा तो ‘म’ उच्चारतो आणि ‘पंजिम’ तयार होते. चिन्ह उच्चारासाठी आले आणि शेवटी चिन्हानेच उच्चार बदलला, याचे याहून ठळक उदाहरण किनाऱ्यावर दुसरे नाही. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोंकणीला राजभाषा ठरवले. रोमन लिपीचे समर्थक त्यावर समाधानी नाहीत. कर्नाटकात कोंकणी कन्नड लिपीत आणि केरळात मलयाळम लिपीतही लिहितात.

अनुस्वार : ‘आंबा’ मधले टिंब म् आहे, ‘पंख’ मधले ङ्, आणि मालवणी ‘खंय’ (कुठे) मधले टिंब व्यंजनच नव्हे, तेथे स्वर नाकातून जातो. एका टिंबावर इतका भार टाकल्यावर गोंधळ होणारच. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनी ‘केलें’, ‘नांव’ यांसारख्या शब्दांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. उच्चार नाही तर खूण नाही, हे तत्त्व योग्य होते. मात्र ‘उच्चार नाही’ हे पुण्याच्या बोलीपुरते खरे. कुडाळ, मालवण, पेडणे या भागांत तो नाकातला स्वर अजून रोजच्या बोलण्यात आहे. प्रदेशाचे नावही यातून सुटले नाही : अक्षीच्या दगडावर ‘कोंकणा’, प्रमाण मराठीत ‘कोकण’, भाषेचे नाव कोंकणी लिहिताना पुन्हा टिंब, आणि तेच रोमनमध्ये लिहिताना टिंबाच्या जागी ‘एन’ हे पूर्ण व्यंजन.

मोडी : हेमाद्रीपंडिताने ही लिपी लंकेहून आणली ही कथा प्रसिद्ध आहे, तिला आधार नाही. हात न उचलता भरभर लिहिण्यासाठी नागरीची अक्षरे मोडून ती बनली, हे मत सामान्यतः मान्य होण्यासारखे आहे. आधी आडवी रेघ पानभर ओढून घेतात, मग तिच्याखाली बोरू न उचलता अक्षरे टांगत जातात. शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. वेलांटी बहुधा दीर्घ आणि उकार ऱ्हस्व असे एकेकच रूप वापरतात, म्हणून ‘दिन’ आणि ‘दीन’ सारखेच दिसतात. प्रमाण लेखनातील ऱ्हस्वदीर्घाचे पुष्कळ नियम संस्कृतच्या वळणाचे आहेत, कानाच्या वळणाचे नाहीत, हे मोडी वाचताना पटते. कोकणात खोतांच्या घरी फडक्यात बांधलेल्या दप्तराच्या रुमालांत आणि जुन्या फेरफारांत मोडी कागद भरपूर निघतात. जमिनीच्या दाव्यांसाठी त्यांचे बाळबोधीकरण (देवनागरीत लिप्यंतर) करून देणारे जाणकार थोडेच उरले आहेत. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले.

इतर लिपी : मुंबईच्या साष्टी बेटावरील (गोव्याची साष्टी वेगळी) कान्हेरी लेण्यांत पारशी यात्रेकरूंचे पहलवी लेख आहेत. त्यांतील यज्दगर्दी (पारशी) सनावरून १००९ आणि १०२१ ही वर्षे निघतात. अलिबाग-रेवदंडा परिसरातील बेने इस्रायल समाजाची घरची भाषा मराठी, प्रार्थनेची लिपी हिब्रू. जंजिरा आणि दाभोळ परिसरात अरबी-फारसी लिपीतील लेख आहेत. गोव्यातील गावकारीच्या (गावसंस्थेच्या) जुन्या नोंदी गोयकानडीत (कंदवी) ठेवत, तिचे वळण कन्नडजवळचे आहे.