रिलीज क्लॉज म्हणजे क्लबने सांगितलेला भाव नव्हे

फुटबॉलमध्ये ट्रान्सफर विंडो, म्हणजे क्लबांना खेळाडू विकता-घेता येतात तो काळ, उघडली की रिलीज क्लॉजचा, म्हणजे करारातल्या खेळाडू सोडण्याच्या अटीचा, घोळ हमखास सुरू होतो. ‘या स्ट्रायकरचा क्लॉज १० कोटी युरो, म्हणजे क्लबला १० कोटी हवेत.’ नाही हो, तसं नसतं!

क्लबचा भाव कसा चालतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. विकणारा आकडा फेकतो, घेणारा पहिली बोली मुद्दाम कमी लावतो. मग हप्ते, गोलांवरचे बोनस, पुढच्या विक्रीतला वाटा. हा भाव कुठे लिहिलेला नसतो, सकाळी एक तर संध्याकाळी दुसरा.

क्लॉज खेळाडूच्या करारात लिहिलेला असतो. ठरलेली रक्कम ठरलेल्या अटींवर आली की विकणाऱ्याच्या नकाराला अर्थ उरत नाही. त्यामुळे डावपेचच बदलतात. २०२२ मध्ये स्ट्रायकर हालांड जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबकडून मँचेस्टर सिटीकडे गेला, तेव्हा त्याचा क्लॉज सुमारे ६ कोटी युरोंचा होता. डॉर्टमुंडशी घासाघीस करण्यासारखं फारसं काही नव्हतंच. अशा सौद्यात चुरस लागते ती पगार आणि एजंटच्या कमिशनवर. तरी ‘सिटीने डॉर्टमुंडला पटवलं’ असं लिहिणारे भेटतातच.

खरी गफलत पुढे आहे. क्लॉज ही कमाल मर्यादा आहे, किंमत नव्हे. त्याहून कमीत सौदा करायला कुणाची बंदी नाही. स्ट्रायकर ग्योकेरेसचा पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबबरोबरच्या करारातला क्लॉज १० कोटी युरो होता. २०२५ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आर्सेनलने त्याला घेतलं तेव्हा बातम्यांत आकडा आला ६ कोटी ३५ लाख आणि वर १ कोटीपर्यंतचे बोनस. खेळाडू हटून बसला, विंडो पुढे सरकत होती, आणि दुसरा कुणी १० कोटी टाकायला तयार नव्हता. रेआल माद्रिदच्या बेन्झेमाचा क्लॉज तर १०० कोटी युरो होता. ती काय क्लबची मागणी होती? तो आकडा ‘विचारूच नका’ म्हणायला लिहिलेला. २०२३ मध्ये करार संपला आणि गडी एका पैशाच्या ट्रान्सफर फीविना सौदीला गेला.

उलट बाजूही आहे: क्लॉजची शब्दरचना. २०१३ मध्ये आर्सेनलने लिव्हरपूलच्या सुआरेझसाठी ४,००,००,००१ पौंडांची बोली लावली. वरचा एक पौंड क्लॉज ओलांडण्यासाठी. लिव्हरपूलने साफ नकार दिला. त्या कलमाने विकणं बंधनकारक होतं, की फक्त चर्चेला बसणं, यावर वाद झाला. खेळाडूंच्या संघटनेने फक्त चर्चेला बसण्याचा अर्थ लावला. पुढच्या वर्षी लिव्हरपूलचे मालक जॉन हेन्री यांनी क्लॉज होता हे जाहीरपणे मान्य केलं, पण आम्ही विकायचंच नाही असं ठरवलं होतं, म्हणाले. म्हणून ‘क्लॉज भरला, सौदा झाला’ हे आधी लिहू नका. त्यात काय लिहिलंय ते विचारा. आर्सेनलच्या त्या एका पौंडाला मी आजही चलाखी मानत नाही, उगाच डिवचणं मानतो.

आणि तारीखही बघा. ग्रिझमनचा माद्रिदच्या अॅटलेटिको क्लबबरोबरचा क्लॉज १ जुलै २०१९ रोजी २० कोटींवरून १२ कोटी युरोंवर आला. बार्सिलोनाने काही दिवसांत १२ कोटी भरले. बार्सिलोनाची ग्रिझमनशी बोलणी क्लॉज २० कोटी असतानाच झाली होती, उरलेले ८ कोटी द्या, असं अॅटलेटिकोचं म्हणणं. स्पॅनिश फेडरेशनने परवानगीशिवाय बोलणी केल्याबद्दल बार्सिलोनाला दंड ठोठावला: ३०० युरो.