१९२७ चे यांकीज की १९९८ चे? काल्पनिक सीझनमागची पार्श्वभूमी

१९०६ चे कब्ज, १९२७ आणि १९३९ चे यांकीज, १९७५ चे रेड्स, १९९८ चे पुन्हा यांकीज, २००१ चे मरीनर्स. बेसबॉलच्या या सगळ्या गाजलेल्या टीम्सना कॉम्प्युटरवर एका काल्पनिक लीगमध्ये कोंबायचं, १६२ मॅचेसचं शेड्युल लावायचं, बटण दाबून चहा ठेवायला उठायचं, चहा उकळेपर्यंत सीझन संपलेला असतो. मग निकालावरून भांडण ठरलेलं. भांडताना नावं टीम्सची घेतली जातात पण गाडी अडते ती आकडे कुठल्या काळाच्या मापाने मोजले यावर, आणि हे काही कॉम्प्युटरने आणलेलं लचांड नाही, फाशांच्या जमान्यापासून चालू आहे.

फाशांचा जमाना पटकन उरकतो. खेळाडूंच्या खऱ्या आकड्यांवर घरबसल्या बेसबॉल खेळायचे गेम १९३० च्या आसपासच आले होते, १९४१ मध्ये चकत्या आणि फिरता काटा असलेला एक गेम आला, १९५१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरहून अपबा आणि १९६१ मध्ये स्ट्रॅट-ओ-मॅटिक. हा शेवटचा ज्याने बनवला तो लाँग आयलंडचा, अकरा वर्षांचा असल्यापासून फासे टाकून कुठली बेरीज किती वेळा पडते हे मोजत बसलेला पोरगा. आपल्या बुक क्रिकेटमध्ये पान उघडलं की सचिनला आणि अकराव्या नंबरवाल्याला चान्स सारखाच, इथे मात्र प्रत्येकाचं स्वतःचं कार्ड. तीन फासे टाकायचे, पहिल्यावर १-२-३ आलं तर बॅटरचं कार्ड बघायचं, ४-५-६ आलं तर पिचरचं, उरलेल्या दोन फाशांच्या बेरजेवर निकाल. म्हणजे अर्धे निकाल बॅटरच्या हातात, अर्धे पिचरच्या. हे ५०-५० लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अपबा आणि स्ट्रॅट-ओ-मॅटिक, दोन्ही कंपन्यांनी जुन्या टीम्सचे सेटही काढले आणि तिथूनच काळ ओलांडून मॅचेस लावायची हौस सुरू झाली. कॉम्प्युटरवर पहिला प्रयत्न १९६१ च्या सुमारास ओहायोतल्या अॅक्रनमध्ये झाला, आयबीएम १६२० या कॉम्प्युटरवर, आयबीएमच्याच एका कर्मचाऱ्याने फावल्या वेळात केलेला. १९६७ मध्ये एका रेडिओवाल्याने जुन्यानव्या हेवीवेट बॉक्सर्सची कॉम्प्युटर टुर्नामेंट ऐकवली, १९७० मध्ये तर दोन चॅम्पियन्सची तशी फाईट शूट करून थिएटरात दाखवली. त्या काळी कॉम्प्युटर म्हणाला म्हणजे झालं, त्याच्या पोटात काय घातलंय हे कोण विचारतंय. बेसबॉलला हे सुदैवाने कधी तसं झेपलं नाही, कारण बेसबॉलच्या माणसाकडे स्वतःचे आकडे असतात आणि तो ते काढतोच. १४ जुलै १९८१ ला खेळाडूंच्या संपामुळे क्लीव्हलंडची ऑल-स्टार मॅच होऊ शकली नाही तेव्हा त्याच रिकाम्या स्टेडियममध्ये होम प्लेटजवळ टेबल टाकून स्ट्रॅट-ओ-मॅटिकवर मॅच खेळले, पहिले फासे क्लीव्हलंडच्याच एका जुन्या दिग्गज पिचरने टाकले. हा गंमतीचा प्रकार असला तरी त्यानंतर खरी मॅच नसेल तर सिम (फाशांवरची किंवा कॉम्प्युटरवरची नकली मॅच) चालवा हे लोकांच्या डोक्यात बसलं. २०२० मध्ये कोविडने सीझन लांबला तेव्हा तेच झालं, रोजच्या रोज न झालेल्या मॅचेसचे बॉक्स स्कोअर (स्कोअरकार्डं) येत होते, आणि सोबत सर्वकालीन टीम्सच्या टुर्नामेंट्सही.

आता मुख्य भानगड. नॉर्मलायझेशन, म्हणजे वेगवेगळ्या काळांचे आकडे एका मापावर आणणं.

१९०६ च्या कब्जनी ११६ जिंकल्या, ३६ हरल्या, ईआरए (दर नऊ इनिंग्जमागे पिचरच्या खात्यावर पडणारे रन) १.७५, आणि अख्ख्या टीमचे मिळून होमर (होम रन, साधारण आपला सिक्सर) २०. १९९८ च्या यांकीजचे होमर २०७. कार्ड जसंच्या तसं, म्हणजे त्या वर्षी जे केलं ते छापून, खेळवलं तर कब्जच्या पिचर्सच्या कार्डांवर होमर जवळपास नसतातच, कारण १९०६ मध्ये कुणीच मारत नव्हतं, बॉलच मेलेला होता. आणि अर्धे निकाल पिचरच्या कार्डावरून येणार. म्हणजे ९८ च्या बॅटर्सचे होमर हवेत विरणार आणि यात कब्जच्या पिचरचं कर्तृत्व शून्य, तो फक्त योग्य साली जन्मला. फिल्डिंगला हेच उलटं. त्या कब्जची फिल्डिंग .९६९ (म्हणजे हजारात ९६९ वेळा बिनचूक), तेव्हा लीगमध्ये सर्वात वर, पण आजची सगळ्यात ढिसाळ टीमसुद्धा त्याच्या पुढे असते, कारण तेव्हाचे ग्लोव्हज म्हणजे जाड हातमोजेच. तर कच्चे आकडे घेतले की डेडबॉलवाल्यांना, म्हणजे त्या मेलेल्या बॉलच्या काळातल्यांना, पिचिंगमध्ये फुकटचा फायदा आणि फिल्डिंगमध्ये फुकटचा तोटा.

म्हणून दुसरी पद्धत आली की खेळाडूला त्याच्या स्वतःच्या लीगच्या सरासरीशी ताडायचं आणि सगळ्यांना एका मधल्या वातावरणात आणायचं. ऐकायला एकदम न्याय्य. पण मधलं वातावरण म्हणजे कुठलं हे कुणीतरी ठरवावं लागतं आणि तिथे निकाल हलतो. १९३० चा जायंट्सचा फर्स्ट बेसमन घ्या, .४०१ मारलेला (म्हणजे बॅटिंगच्या हजार चान्सेसना ४०१ हिट). समोर १९६८ चा कार्डिनल्सचा पिचर, ईआरए १.१२, त्याच्यासमोर सगळ्यांनी मिळून .१८४ मारलं. पहिल्याची अख्खी नॅशनल लीगच .३०३ मारत होती, दुसऱ्याची .२४३. दोघांना आपापल्या लीगच्या सापेक्ष धरून ऑड्सचं (हिट होण्याचं न होण्याशी प्रमाण) नेहमीचं सूत्र लावलं तर १९३० च्या वातावरणात हा बॅटर त्या पिचरसमोर साधारण .३२० मारतो, १९६८ च्या वातावरणात .२५८, आणि .२६० सरासरीची मधली लीग धरली तर .२७५. माणसं तीच, सूत्र तेच, आणि फरक ६२ पॉइंट्सचा. आता टीमची टीम अशी सरकवा आणि बघा टेबलचं काय होतं ते. (१९६८ नंतर माऊंड, म्हणजे पिचर उभा राहतो तो उंचवटा, १५ इंचांवरून १० वर आणला तो याच पिचरच्या आणि त्याच्यासारख्यांच्या कृपेने, आणि बऱ्याच सिम्समध्ये माऊंड हा विषयच नसतो.)

इथपर्यंत तरी हिशोबाचा प्रश्न आहे. खरा घोळ पुढचा, आणि तो मला जास्त टोचतो. लीगच्या सरासरीशी ताडायचं म्हटलं की न बोलता एक गृहीत धरलं जातं की १९२७ चा सरासरी खेळाडू आणि १९९८ चा सरासरी खेळाडू सारख्याच ताकदीचे. हे कोण मान्य करेल? पण गणित ते मान्य करूनच चालतं. १९२७ मध्ये यांकीजच्या राइट फिल्डरने ६० होमर मारले, अमेरिकन लीगच्या बाकी सातही टीम्सपैकी एकीलाही तेवढे जमले नाहीत. हे प्रमाण सरळ गुणाकाराने १९९८ मध्ये आणलं तर त्याचे दीडशेच्या वर होमर होतात, म्हणून प्रत्येक गेम कुठेतरी हात आखडता घेतो, आणि किती आखडता घ्यायचा हे बनवणाऱ्याच्या मर्जीवर. एका जीवाश्मशास्त्रज्ञाने या दृष्टीने केलेली मांडणी प्रसिद्ध आहे: अमेरिकन आणि नॅशनल लीगमध्ये .४०० मारणारा १९४१ नंतर दिसला नाही याचं कारण बॅटर्स बिघडले असं नाही, सगळ्यांचाच दर्जा वर गेला, सगळे माणसाच्या क्षमतेच्या भिंतीजवळ गर्दी करून उभे राहिले, त्यामुळे सर्वोत्तम आणि सरासरी यातलं अंतर घटलं. हे पटलं तर सापेक्ष आकडे जुन्यांना आपोआप झुकतं माप देतात, कारण जुना दिग्गज ज्यांच्यापासून लांब पळाला ते मागे बरेच होते. त्यावर उपाय म्हणून काही जण वर्षागणिक लीग थोडी थोडी सुधारली असं धरून जुन्यांना कापतात, पण कापायचं किती? फास्टबॉलची सरासरी २००८ मध्ये ताशी ९२ मैलांच्या आसपास होती, आता ९४ च्या पुढे गेली, एवढं मोजता येतं. १९२७ चं काय मोजणार?

माझं मत लपवत नाही, ९८ चे यांकीज (११४-४८, पोस्टसीझन धरून १२५-५०) २७ च्या यांकीजना (११०-४४) खऱ्या मैदानावर उभे करणार नाहीत. तरी नॉर्मलाइझ्ड सिममध्ये २७ चे सतत वर येतात आणि लोक म्हणतात बघा, सिद्ध झालं. सिद्ध काय झालं तर ते आपल्या लीगपेक्षा जास्त वर होते, बस. त्यातही २७ पेक्षा ३९ ची टीम भारी होती हे बाजूला राहतं, कारण ६० होमरची गोष्ट लोकांना पाठ आहे. ३९ च्या यांकीजनी ९६७ रन काढले, ५५६ दिले, म्हणजे ४११ चा फरक. काढलेल्या आणि दिलेल्या रनांच्या वर्गांच्या (स्क्वेअरच्या) प्रमाणावरून त्यांनी ११३ जिंकायला हव्या होत्या, जिंकल्या १०६. उलट ९८ चे त्याच हिशोबाने १११ चे, जिंकल्या ११४, आणि २००१ चे मरीनर्सही १११ चेच, जिंकल्या तब्बल ११६ आणि मग अमेरिकन लीगच्या फायनलमध्ये गार. कार्डं बनतात ती हिट, वॉक, होमरवरून, जिंकण्याहरण्यावरून नाही, त्यामुळे सिममध्ये ३९ चे फुगतात आणि मरीनर्स बसतात यात आश्चर्य काही नाही.

सीझन किती वेळा चालवायचा हाही प्रश्न आहेच पण तो सोपा आहे, आणि तरी लोक चुकतात. अगदी बरोबरीची टीम १६२ मध्ये ८१ जिंकेल असं आपण म्हणतो, पण निव्वळ नशिबाने तो आकडा साधारण सहा-साडेसहाने इकडेतिकडे होतो. सोळा टीम्स तंतोतंत सारख्या घेतल्या तरी पहिली येणारी ९२ च्या आसपास जिंकलेली दिसेल. म्हणजे एकदाच बटण दाबून "अमुक टीम चार मॅचेसने पुढे" म्हणणं म्हणजे नाणं उडवून निबंध लिहिणं. १९९९ पासून आलेल्या आउट ऑफ द पार्कसारख्या गेम्सनी हजार हजार सीझन चालवणं सोपं केलं, पण हजार वेळा चालवल्याने नशीब धुतलं जातं, गृहीतक नाही, ते हजारही वेळा तसंच राहतं.

बाकी छोटे निर्णय, डीएच (पिचरऐवजी बॅटिंग करणारा खेळाडू) ठेवायचा का, स्टेडियम कुणाचं, हे बहुतेक जण एका ओळीत उरकतात. त्यातला पिचरच्या दमाचा तेवढा लहान नाही. १९६८ च्या त्याच पिचरने सुरू केलेल्या ३४ मॅचेसपैकी २८ शेवटपर्यंत एकट्याने टाकल्या, ३०४ इनिंग्ज. त्याला तशीच मुभा दिली तर आजच्या पाच पिचरच्या रोटेशनसमोर तो एकटा अर्धी लीग ओढतो, नाही दिली तर तो तो राहत नाही.

आणि १९४७, मेजर लीगचं दार कृष्णवर्णीय खेळाडूंना उघडलं ते वर्ष. त्याआधीच्या या सगळ्या महान टीम्समध्ये, २७ चे काय नि ३९ चे काय, एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता, त्यांच्या विरोधकांतही नव्हता, म्हणजे ज्या लीगच्या सरासरीशी आपण ताडतोय तीच अर्धवट. पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स आणि होमस्टेड ग्रेज या कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीग्जमधल्या टीम्स बरीच वर्षं अशा यादीत नसायच्याच, कारण सांगितलं जायचं की आकडे पूर्ण नाहीत. आकडे जुन्या पेपरांतल्या बॉक्स स्कोअरमधून लोकांनी वर्षानुवर्षं उकरून काढले, त्यावर २००९ मध्ये स्ट्रॅट-ओ-मॅटिकचा सेट आला, डिसेंबर २०२० मध्ये १९२० ते १९४८ मधल्या अशा सात लीग्जना मेजर लीगचा दर्जा मिळाला आणि मे २०२४ मध्ये ते आकडे अधिकृत रेकॉर्डमध्ये घातले गेले. ग्रेजच्या कॅचरची कारकिर्दीची सरासरी .३७२ आता सर्वात वर आहे आणि १९४३ ची त्याची .४६६ ही एका सीझनची सर्वात वरची. ग्रेज त्या वर्षी चॅम्पियनही होते. आता हा सीझन नोंदलेल्या मॅचेसच्या हिशोबाने छोटा, छोट्या सीझनमध्ये टोकाचे आकडे जास्त निघतात, शिवाय युद्धामुळे बरेच खेळाडू लष्करात. म्हणजे १९४३ च्या ग्रेजना लीगमध्ये घेताना कापायचं किती हे ठरवावं लागेल, आणि जे त्यांना कापायला कात्री घेऊन बसलेत त्यांनी २७ च्या यांकीजना ती कधी लावली नव्हती.