प्राथमिक वर्गातील दैनंदिन अध्ययन-कृती

प्राथमिक शाळेत शिकणारी, साधारणपणे सहा ते अकरा वर्षांची मुले वर्गात रोज वाचन, लेखन, मोजणी, संभाषण, निरीक्षण, खेळ यांसारखी जी कामे करतात व ज्यांतून शिकतात, त्यांना दैनंदिन अध्ययन-कृती म्हणतात. अभ्यासक्रम वर्षाचा असतो आणि घटक नियोजन महिन्याचे. मूल मात्र शिकते ते पंधरा-वीस मिनिटांच्या छोट्या कामांतून. म्हणून वर्गाची खरी पारख वेळापत्रकावरून होत नाही; त्या पंधरा मिनिटांत प्रत्येक मूल नेमके काय करत होते, हे पाहावे लागते.

हात चालू असले म्हणजे कृती झाली, असे नव्हे. वाचता न येणारा उतारा फळ्यावरून वहीत उतरवणारे मूल तासभर शांत बसते आणि वहीही सुबक दिसते, पण त्यात अक्षरांची चित्रे काढण्यापलीकडे फारसे काही घडत नाही. उलट दोघी मुली एका उत्तरावरून हुज्जत घालत असतील, तर बाहेरून तो गोंगाट वाटतो, आणि शिकणे तिथेच चाललेले असते. एखादी कृती सकस आहे की नाही, हे दोन प्रश्नांनी ठरवता येते : मुलाला तीत विचार करावा लागला का, आणि तो विचार शिक्षकाला दिसला का? दुसरा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही.

दिवसाची सुरुवात बहुतेक वर्गांत हजेरी, वार-तारीख आणि हवामानाच्या नोंदीने होते. पट ३४, हजर २९, तर गैरहजर किती? पहिलीतली मुले न आलेल्यांची नावे आठवून बोटांवर मोजतात, दुसरीतली २९ पासून पुढे ३४ पर्यंत मोजत जातात, तिसरीतली सरळ वजाबाकी करतात. रोजच्या ऊन-ढग-पाऊस नोंदींचा महिनाअखेरीस चित्रालेख होतो. ही कामे दहा मिनिटांत आटोपावीत. सगळ्यांनी एका सुरात ‘आज सोमवार’ म्हणण्याचा रिवाज काही आठवड्यांत यांत्रिक होतो. मग ‘परवा कोणता वार असेल?’ असा प्रश्न घेतला की मुले पुन्हा जागी होतात.

वाचन ही प्राथमिक वर्गातील सर्वांत वजनदार कृती. तिची सुरुवात मुलाच्या वाचनापासून होत नाही, शिक्षकाच्या प्रकट वाचनापासून होते. स्वतःला वाचता येते त्याहून कितीतरी समृद्ध भाषा मूल ऐकून समजू शकते; रोज एक गोष्ट वाचून दाखवली की ती भाषा त्याच्या कानावर पडते. मोठ्या अक्षरांचे पुस्तक सर्वांसमोर धरून शब्दांखालून बोट फिरवत वाचले, तर वाचनाची दिशा, शब्दांमधली मोकळी जागा, बोललेला शब्द आणि छापलेला शब्द यांची जोडी या गोष्टी न सांगता कळतात.

देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बऱ्यापैकी नियमित असते. अडचण आहे ती चिन्हांच्या संख्येची. प्रत्येक व्यंजनाची बाराखडी, त्यावर जोडाक्षरे, आणि ‘किती’ मधली पहिली वेलांटी तर दिसते व्यंजनाच्या आधी पण उच्चारली जाते नंतर. पूर्ण वर्णमाला क्रमाने संपवून मग शब्दांकडे वळायचे ठरवले, तर मुलाला कित्येक आठवडे अर्थाचे काहीच वाचायला मिळत नाही. म, ल, क, र आणि काना एवढेच आधी घेतले, तर ‘मला’, ‘काम’, ‘लाल’, ‘माल’, ‘कार’, ‘कमल’ हे शब्द लगेच हाती येतात. वाचल्याबरोबर अर्थ लागला की मूल पुढचा शब्द स्वतःहून शोधू लागते. जोडीला आवाजांचे खेळही हवेत : ‘म’ने सुरू होणारे शब्द सांगणे, शब्दातला शेवटचा आवाज ओळखणे, एक आवाज काढून टाकून उरलेला शब्द म्हणणे. या तोंडी खेळांना पाटीही लागत नाही.

एकेका मुलाने उभे राहून वाचायचे आणि बाकीच्यांनी पुस्तकात बोट ठेवून ऐकायचे, ही पद्धत सर्वत्र रूढ आहे. हिशेब मांडला तर तिची मर्यादा स्पष्ट होते. ४० मुलांच्या वर्गात ४० मिनिटांच्या तासिकेत प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिट येते. तीच मुले जोडीने आलटून-पालटून वाचू लागली, तर प्रत्येकाला २० मिनिटे मिळतात, आणि शिक्षक मोकळा झाल्याने एखाद्या मुलाजवळ बसू शकतो. 

न्यूझीलंडच्या शिक्षणतज्ज्ञ मेरी क्ले (१९२६–२००७) यांनी अशा जवळून ऐकण्याला शिस्त दिली. मूल वाचत असताना बरोबर शब्दावर खूण करायची आणि चुकलेल्या शब्दाच्या जागी ते काय म्हणाले, तेच लिहायचे. पाठात ‘घोडा धावत आला’ आहे. एक मूल वाचते, ‘घोडा पळत आला’. दुसरे वाचते, ‘घोडा धावात आला’. गुण द्यायचे तर दोघांचीही एकच चूक. पण पहिल्याचे बोट अर्थावर आहे, अक्षरावर नाही. दुसऱ्याची नजर अक्षरावर आहे, आणि वाक्यात तो शब्द बसतो का हे त्याने स्वतःला विचारलेले नाही. पहिल्याला ‘हा शब्द कशाने सुरू होतो, बघ बरं’ एवढे सांगायचे, तर दुसऱ्याला ‘असं आपण म्हणतो का?’ असे विचारायचे. दोघांनाही नुसता बरोबर शब्द सांगून टाकला, तर दोघेही होते तिथेच राहतात.

लेखनात गिरवणे, अनुलेखन, श्रुतलेखन आणि स्वतःचे लेखन असे टप्पे सांगितले जातात. मात्र ते एकामागून एक यायलाच हवेत असे नाही. मूल पहिल्याच वर्षी चित्र काढून त्याखाली मनातले लिहू शकते. चार्ल्स रीड या भाषाशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये दाखवून दिले, की औपचारिक शिक्षणापूर्वी मुले इंग्रजी शब्द मनाने लिहितात तेव्हा त्यांच्या चुकांमागे आवाजांचा बारकाईने केलेला विचार असतो. हे आपल्या लिपीतही दिसते. ‘पुस्तक’चे ‘पुसतक’ आणि ‘पक्षी’चे ‘पकशी’ लिहिणाऱ्या मुलाने एकही आवाज सोडलेला नाही. त्याला फक्त जोडाक्षराची रीत शिकायची आहे. ‘पुतक’ लिहिणाऱ्याला मात्र आधी तो ‘स्’ ऐकू यायला हवा. लाल शाईची फुली दोघांच्या वहीत सारखीच दिसते, आणि हा फरक तिथेच पुसला जातो. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने (१८९६–१९६६) या शिक्षकाने १९२०च्या दशकात वर्गात छपाईयंत्र आणून मुलांचे मजकूर छापायला सुरुवात केली. आपले लिहिलेले कोणीतरी वाचणार आहे हे कळल्यावर मुले स्वतःच पुन्हा वाचून दुरुस्त्या करतात, हा अनुभव आज भित्तिपत्रकातूनही घेता येतो.

गणिताच्या दैनंदिन कृतींचा पाया वस्तू हाताळणे हा आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी ज्ञान मांडण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या : आधी कृती, मग चित्र, मग चिन्ह. वर्गात याचा अर्थ असा, की दहा काड्यांचा गठ्ठा बांधणे, त्या गठ्ठ्याचे चित्र काढणे आणि शेवटी ‘१०’ लिहिणे. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्या प्रयोगांत लहान मुले मणी लांब-लांब मांडले की ‘आता जास्त झाले’ म्हणत. सातव्या वर्षाच्या आसपास बहुतेकांना संख्या तीच राहते हे पटलेले असते. हे पटणे सांगून होत नाही, मणी पुन्हा पुन्हा मांडून-मोडून होते.

स्थानिक किंमत हा सर्वांत निसरडा भाग. ‘एकशे पाच’ ऐकून मूल १००५ लिहिते. त्याच्या दृष्टीने त्याने शंभरही लिहिले आणि पाचही. भर म्हणजे मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना एकक आधी येतो आणि लिहिताना दशक. जर्मनमध्येही एककच आधी बोलला जातो. त्यामुळे २५ च्या जागी ५२ लिहिणाऱ्या मुलाला निष्काळजी म्हणण्याआधी त्याच्या कानाचे ऐकायला हवे.

वजाबाकीचे एक उदाहरण तपशिलात पाहण्यासारखे आहे. मुलाने ५२ − २७ = ३५ लिहिले आणि खाली ४६ − १८ = ३२. वरवर वाटते, मूल दशक सोडवून घ्यायला विसरले. त्याला मोठ्याने करायला सांगितले तर ते म्हणते, ‘दोन आणि सात, सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन.’ म्हणजे ते विसरलेले नाही. प्रत्येक रकान्यात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, हा त्याचा स्वतःचा नियम आहे, आणि तो ते चोख पाळत आहे. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये अशा पद्धतशीर चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतली ही अगदी नेहमीची चूक. अशी आणखी वीस गणिते घरी करायला दिली, तर तोच नियम वीसदा पक्का होतो. त्याऐवजी पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवून ‘यातल्या सत्तावीस मला दे’ म्हटले, की सात सुट्या काड्या द्यायला त्याच्याकडे नसतात. हात थांबतो. थोड्या वेळाने ते एक गठ्ठा सोडते. गठ्ठा सोडण्याची ती कृती आणि कागदावरचे ‘दशक सोडवणे’ एकच आहे, हे त्याच वेळी बोलून घ्यायला हवे. नाहीतर काड्या एकीकडे आणि गणिते दुसरीकडे राहतात.

पाढ्यांचे पाठांतर जुनाट म्हणून टाकून देण्यात शहाणपण नाही. गुणाकार तोंडावर असला की मोठ्या उदाहरणात मुलाचे लक्ष मूळ प्रश्नावर राहते. मात्र पाच-पाचचे ढीग मांडून पाढा आधी तयार करावा आणि मग पाठ करावा. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्मरणावरचे प्रयोग मांडले, तेव्हापासून एक गोष्ट वारंवार दिसून आली आहे : तोच सराव एका बैठकीत उरकण्यापेक्षा दिवसांच्या अंतराने विभागला तर अधिक टिकतो. रोजची पाच मिनिटे आठवड्यातून एकदाच्या अर्ध्या तासाहून भारी पडतात ती यामुळे.

बोलणे हीदेखील कृती आहे, आणि तिच्यावर शिक्षकाच्या घाईचा परिणाम थेट होतो. अमेरिकी संशोधक मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात असे दिसले. ही वाट तीन सेकंदांपर्यंत वाढवल्यावर मुलांची उत्तरे लांबली, एरवी गप्प बसणारी मुले बोलू लागली आणि मुलांचे स्वतःचे प्रश्न वाढले. तीन सेकंदांची शांतता वर्गात फार मोठी वाटते. ती सोसायचा सराव शिक्षकालाच करावा लागतो. फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली ‘विचार करा, जोडीत बोला, सर्वांना सांगा’ ही रीतही याच गरजेतून उपयोगी पडते : हात वर करणाऱ्या चार मुलांऐवजी सगळा वर्ग बोलतो. घरची भाषा वेगळी असलेल्या मुलाला जोडीत आधी आपल्या भाषेत बोलू द्यावे. सुरुवातीचे शिक्षण मातृभाषेत व्हावे, अशी शिफारस युनेस्कोने १९५३ मध्येच केली होती.

परिसर अभ्यासात पेरलेल्या बीची रोज उंची मोजणे, सावलीची लांबी सकाळी आणि दुपारी आखणे, पाण्यात काय तरंगेल याचा आधी अंदाज लिहिणे अशी कामे येतात. अंदाज लिहिणे वगळले, तर प्रयोग नुसता पाहण्याचा होतो. चित्रकला, गाणे, हस्तकला आणि खेळ यांना वेळापत्रकात शेवटची जागा मिळते, हे चुकीचे आहे. कात्री चालवणाऱ्या बोटांचा अक्षराशी आणि टाळीच्या लयीचा शब्दातल्या उच्चाराच्या तुकड्यांशी जवळचा संबंध असतो.

या सगळ्यामागे मोठी परंपरा आहे. कोमेनियस (१५९२–१६७०) यांनी १६५८ मध्ये मुलांसाठी सचित्र पाठ्यपुस्तक काढले. पेस्टालोझी (१७४६–१८२७) यांनी वस्तूच्या प्रत्यक्ष निरीक्षणावर भर दिला. फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीत बाड ब्लांकेनबुर्ग येथे सुरू केलेल्या संस्थेत चेंडू आणि लाकडी ठोकळे ही शिकण्याची साधने झाली, तर मारिया माँटेसरी यांच्या रोममधील १९०७ च्या बालगृहात मुले खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवू लागली. जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये शिकागो विद्यापीठात प्रायोगिक शाळा सुरू केली. तीत स्वयंपाक, विणकाम, सुतारकाम यांतून विषय शिकवले जात. भारतात १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीमने हस्तोद्योग शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवला. अँड्र्यू बेल यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथालयात मोठ्या मुलांकरवी लहानांना शिकवण्याची पद्धत बसवली आणि जोसेफ लँकेस्टर यांनी लंडनमध्ये तिचा विस्तार केला. त्यांचा हेतू कमी खर्चात शेकडो मुले सांभाळण्याचा होता. आजचे जोडीकाम त्याहून वेगळे आहे. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव विगॉट्स्की (१८९६–१९३४) यांनी दाखवल्याप्रमाणे, जे आज मूल एकट्याने करू शकत नाही ते थोडी जाणकार सोबत मिळाली तर करू शकते, आणि उद्या तेच एकट्याने करते. जोडी लावताना हे अंतर फार मोठे नसावे, नाहीतर एक करतो आणि दुसरा बघतो.

मूल शिकत असतानाच त्याचे वाचन, लेखन, गणित असे जवळून पाहण्याला आकारिक मूल्यमापन म्हणतात. मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये आकारिक आणि संकलित (शिकवून झाल्यावर शेवटी होणारे) मूल्यमापन असा भेद केला. पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांच्या १९९८ च्या आढाव्याने हा भेद वर्गापर्यंत नेला; उत्तरपत्रिकेवरच्या गुणांपेक्षा पुढे काय करायचे हे सांगणारा शेरा मुलाला अधिक उपयोगी पडतो, हे त्यांनी अनेक अभ्यासांच्या आधारे मांडले. प्रत्यक्षात रोज सगळ्या मुलांची नोंद कोणालाच जमत नाही. दिवसाला पाच मुले ठरवून त्यांच्याजवळ बसले आणि प्रत्येकाविषयी एक ओळ लिहिली, तर ४० मुलांचा वर्ग आठ दिवसांत पूर्ण होतो. त्या ओळीत ‘वाचन बरे’ असे लिहून काही साधत नाही. ‘अर्थ पकडतो, अक्षर सोडतो; शब्दाचे पहिले अक्षर पाहायला लावणे’ असे लिहिले, तर दुसऱ्या दिवशी त्या मुलाला कोणती कृती द्यायची हे त्यातच येते.