बीसीआर-एबीएलच्या रिपोर्टमागची साठ वर्षे

सीएमएल या रक्ताच्या कर्करोगावर पुण्यात उपचार घेणाऱ्यांच्या फायलीत सुरुवातीला दर तीन महिन्यांनी एक कागद वाढतो. सातारा-बारामतीहून पहाटेची एसटी पकडून आलेली माणसंही डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरण्याआधी त्यातला एकच आकडा शोधतात: बीसीआर-एबीएल किती टक्के? ०.१ किंवा त्याखाली आला की जिवात जीव येतो. बिघडलेल्या जनुकाच्या किती प्रती अजून रक्तात सापडतात, ते हा आकडा सांगतो.

मूळ जनुक एबीएल१. ते नवव्या गुणसूत्रावर असतं आणि टायरोसिन कायनेज जातीचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, बनवतं. एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूवरचा फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रथिनातल्या टायरोसिन या अमिनो आम्लावर बसवायचा, एवढंच त्याचं काम. पण पेशीने वाढावं की थांबावं, याचे निरोप अशाच फॉस्फेटवर चालतात. निरोगी पेशीत एबीएल१ बहुतेक वेळ स्वतःला बंद ठेवतं.

बिघाडाची खूण आधी सापडली, कारण फार उशिरा. १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना सीएमएलच्या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं. उरलेला तुकडा गेला कुठे, हे तेरा वर्षं कुणालाच ठाऊक नव्हतं. शिकागोच्या जॅनेट राउली गुणसूत्रांचे फोटो कात्रीने कापून घरच्या जेवणाच्या टेबलावर जुळवत बसायच्या. रंगवलेल्या पट्ट्यांवरून १९७३ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केली आहे. कर्करोगात गुणसूत्रांची ही मोडतोड आजाराचा परिणाम असते, असंच तोवर बहुतेकांना वाटे.

दुसरा धागा उंदरांचा. १९७० मध्ये हर्बर्ट एबलसन यांनी उंदरांना ल्युकेमिया करणारा एक विषाणू वेगळा केला. एबीएल हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. पुढे १९७९ मध्ये कॅलिफोर्नियात टोनी हंटर एका वेगळ्याच विषाणूवर काम करत होते. त्यांनी वापरलेलं बफर, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण, जुनं होतं; त्याचा पीएच घसरला होता, म्हणजे ते जास्त आम्ल झालं होतं. फॉस्फेट बसलेल्या अमिनो आम्लांचे, नेहमीच्या पीएचला एकाच जागी येणारे दोन ठिपके त्यामुळे सुटे झाले आणि फॉस्फेट टायरोसिनवरही बसतो, हे पहिल्यांदा कळलं. उंदरांच्या विषाणूचं प्रथिनही हेच काम करतं, हे वर्षभरातच सिद्ध झालं. १९८२ मध्ये सीएमएलमध्ये बाविसाव्या गुणसूत्रावर आलेला तुकडा एबीएलचा निघाला. तिथे ते बीसीआर या जनुकाला चिकटतं, स्वतःला आवरणारा भाग गमावतं, आणि दाराची बेल अडकून वाजतच राहावी तसे वाढीचे निरोप धाडत राहतं. १९९० मध्ये हे जोडजनुक उंदरांत घातल्यावर त्यांना सीएमएलसारखाच आजार झाला.

या आजारातली के५६२ ही पेशीवंशावळ, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवत ठेवलेल्या पेशी, पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएस (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) या संस्थेच्या पेशीभांडारात जतन केलेली आहे आणि देशभरातले संशोधक ती तिथून मागवतात. पुणेकरांनी अभिमानाने सांगावं असं हे काम आहे, पण ते फार थोड्यांना माहीत असतं.

स्वित्झर्लंडच्या सिबा-गायगी या औषध कंपनीत निकोलस लायडन यांच्या गटाने या विकरात एटीपी जिथे बसतो त्या खाचेत बसणारा रेणू घडवला आणि अमेरिकेत ब्रायन ड्रुकर यांनी तो लावून धरला. जून १९९८ मध्ये रुग्णांवर चाचणी सुरू झाली. दिवसाला ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त डोस घेतलेल्या ५४ जणांपैकी ५३ जणांच्या रक्तपेशींची संख्या पूर्वपदावर आली. मे २००१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली ती गोळी म्हणजे इमॅटिनिब. काहींच्या विकरात पुढे टी३१५आय हा बदल होतो आणि ही गोळी खाचेत बसेनाशी होते. २०२१ मध्ये तिथे मान्यता मिळालेलं असिमिनिब त्या खाचेच्या वाटेला जातच नाही; निरोगी एबीएल१ स्वतःला बंद करायला जो कप्पा वापरतं, तिथे ते बसतं.

आपल्याकडे मात्र गोळी असूनही हाताला लागेल की नाही, हा प्रश्न होता. सिबा-गायगी पुढे जिच्यात विलीन झाली त्या नोव्हार्टिसच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च तेव्हा सव्वा लाखाच्या घरात होता, तर भारतीय कंपन्यांच्या जेनेरिकचा आठ-दहा हजार. इमॅटिनिबच्या एका स्फटिकरूपावर कंपनीने पेटंट मागितलं होतं. चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने २००६ मध्ये ते नाकारलं आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. आफताब आलम व न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठाने पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) वर बोट ठेवून नकार कायम केला: जुन्या रेणूचं नवं रूप रुग्णाला जास्त गुणकारी आहे, हे सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे ही गोळी रोज, वर्षानुवर्षं घ्यावी लागणाऱ्या रुग्णांसाठी जेनेरिकचा रस्ता खुला राहिला.